कडेपेक्षा एक वीत कमी

पालो किएतोत पोर रांगायला लागलं की त्याच्या कमरेला दोर बांधतात. दुसरं टोक घराच्या मधल्या खांबाला. गाव सगळं पाण्यावर उभं आहे. कोलंबियाच्या किनाऱ्याला लागून जे अफाट मचूळ तळं पसरलंय, त्याच्या मधोमध, खांब रोवून त्यावर फळ्या ठोकून. अंगण नाही, रस्ता नाही, शेजारणीकडे मीठ मागायला जायचं तरी डोणी सोडावी लागते. तेव्हा दोर हवाच. त्याच्या लांबीचा नियम एकच: ओट्याच्या कडेपेक्षा एक वीत कमी. पोराला पाणी दिसलं पाहिजे, पण पोर पाण्याच्या हाती लागता कामा नये. शहरातून फोटो काढायला येणाऱ्या बायका हे बघून हळहळतात. हळहळून झालं की तळलेला मासा खातात आणि निघून जातात.

दोर बांधायला कोणीही चालतं. सोडायला मात्र उबाल्दिना लागायची.

उबाल्दिना एकसष्ट वर्षांची. दिवसभर ओट्यावर बसून मासे साफ करायची, मीठ लावून वाळत घालायची. पोर अडीच-तीन वर्षांचं झालं की आई ते तिच्याकडे घेऊन यायची. उबाल्दिना खांबाकडचं टोक सोडून ओल्या हातानेच पोराला उचलून सरळ पाण्यात टाकायची. पोराने घराच्या चारही खांबांना वळसा घालून, न रडता परत यायचं. आलं, की ती दातांनी गाठ सोडायची आणि म्हणायची, "जा. आता तू पाण्याचा." तो दोर मग बापाच्या डोणीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, बांधत. गावातली निम्मी माणसं तिच्या दातांखालून सुटलेली होती. तिच्या आधी तिची आई हे करायची. ह्यात काही चुकू शकतं असं कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. नाही म्हणायला परक्या गावची माणसं इथे बुडायची, पण परकी माणसं काय, कुठेही बुडतात.

मग एका जुलैत, कार्मेनमातेच्या सणाला, तिचा नातू यादिर बुडाला.

यादिर सहा वर्षांचा होता. दोन पुरी व्हायच्या आतच त्याचा दोर सुटला होता. अख्ख्या गावात त्याच्यासारखा सूर मारणारं पोर नव्हतं. सणाला मातेची मूर्ती सजवलेल्या मोठ्या होडीतून गावभर फिरते आणि सगळं गाव आपापल्या डोण्यांतून मागे. बँड असतो, फटाके असतात, पोरांच्या अंगावर नवे कपडे असतात. यादिरला नवी जीन्स घेतली होती, आणि त्याने हट्ट धरला म्हणून गुडघ्यापर्यंतचे पिवळे गमबूट. कुठल्याशा वळणावर पाण्यात धप्पकन आवाज झाला. मागच्या डोणीतून कोणीतरी ओरडलं, "मारली बघ उडी, नव्या कपड्यांसकट!" आणि पाच-सहा डोण्या खदखदून हसल्या. पोर पाण्यात पडलं ही पालो किएतोत बातमीच नाही. मिरवणूक पुढे गेली. तासाभराने जेवणाला हाका मारल्या, तेव्हा तो नव्हता.

जाळं टाकून त्याला काढलं. दोन्ही बुटांत चिखल गच्च भरला होता.

सगळ्यांनी उबाल्दिनाला विचारलं, "तुम्ही तर त्याच डोणीत होतात ना?" ती म्हणाली, "माझं तोंड मातेकडे होतं."

त्यानंतर उबाल्दिनाला काही जाणवेनासं झालं. रडू आलं नाही, हे एक. पण भूकही लागेना, ऊनही लागेना. मासे साफ करताना एकदा सुरी बोटात शिरली, तर मासा लाल का दिसतोय म्हणून तिने दोनदा धुतला. जेवायला वाढलं की जेवायची, आणि कोणी विचारलंच तर काय खाल्लं ते सांगता यायचं नाही. बायकांनी पोरं आणणं थांबवलं नाही, पण ती म्हणायची, "सध्या नको." मग बायका आपल्या आपणच दोर सोडू लागल्या. गावाचं काही कोणावाचून अडत नाही.

अडलं ते तिच्याच घरात. तिची मुलगी नुरिस, यादिरची आई, तिच्याच बरोबर राहायची. नुरिसचा नवरा किनाऱ्यावर केळीच्या मळ्यात कामाला, महिन्यातून एकदा यायचा. आणि यादिरच्या पाठची केइला. भाऊ गेला तेव्हा ती पावणेपाचची होती आणि तिचा दोर अजून सुटायचा होता. लहानपणी सारखी आजारी, म्हणून मागे पडत गेला. मग तो राहिलाच. जानेवारी आला, केइला सव्वापाच वर्षांची झाली, तरी कमरेला निळा नायलॉनचा दोर आणि दोर मधल्या खांबाला. कातडीवर काळा पट्टा उमटला होता. डोण्यांतून जाणारी पोरं ओट्याजवळून जाताना "बँऽऽ" करून ओरडायची, बकरी म्हणून. केइलाही उलट "बँऽऽ" करायची. तिला वाटायचं खेळच आहे.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी शाळा उघडणार होती.

"आई, मास्तरीणबाईंनी निरोप पाठवलाय," नुरिस म्हणाली. "केइलाचं नाव घातलंय. बांधलेलं पोर वर्गात बसवत नाहीत म्हणे."

"बरं."

"बरं काय? तिला पाण्यात पाय बुडवायलाही मिळालेलं नाही. शाळेत डोणीतून जायचंय. मी तिला पोहायला शिकवायला पाठवते, शहरात नाहीतर त्या जाड्या प्रोफेकडे. कुठे, ते तू बघून सांग. आणि सोमवारच्या आत गाठ तू सोड. नाहीतर मी सुरीने कापेन."

उबाल्दिनाने हातातल्या माशाकडे पाहिलं. "मीच का बघू?"

"कारण आजवर तूच बघत आलीस."

ह्यात टोमणा होता की नव्हता ते उबाल्दिनाला कळलं नाही. नुरिस सहा महिन्यांत तिला एकदाही लावून बोलली नव्हती. तेही तिला लागलं नव्हतं.

शहरातला क्लब आधी बघून झाला. मोटारबोटीने दोन तास, पुढे बस. निळ्या फरशांचा तलाव, पाणी इतकं नितळ की तळाच्या रेघा मोजाव्यात. डोळ्यांवर चष्मे लावलेली वीसेक पोरं एका रांगेत हात मारत होती. काचेपलीकडे थंड हवेत त्यांच्या आया मोबाइल बघत बसल्या होत्या. मौरिसियो नावाचा पांढऱ्या कपड्यांतला चुणचुणीत पोरगा ह्या दोघींना सगळं दाखवत फिरला.

"तीन महिन्यांत सरळ पोहणं, सहा महिन्यांत चारही प्रकार. शेवटी प्रमाणपत्र आणि पदक."

नुरिस भारावून गेली होती. उबाल्दिना काठावर उभी राहून बघत होती.

"ही पोरं कपड्यांसकट पडली तर?" तिने विचारलं.

मौरिसियो हसला. "सेन्योरा, कपडे घालून उतरायला बंदीच आहे. गाळणी तुंबते."

"आणि ह्यांच्याकडे बघतं कोण?"

"मी आहे ना."

"तुम्ही तर आमच्याशी बोलताय."

मौरिसियोने मागे वळून पाहिलं, मग घड्याळ पाहिलं आणि फी कधी भरायची ते सांगायला लागला.

परतीच्या बोटीत नुरिस म्हणाली, "पाणी किती स्वच्छ होतं ना. तळ दिसत होता."

"आपल्याकडे दिसत नाही," उबाल्दिना म्हणाली.

जाडा प्रोफे, म्हणजे पोहण्याचा मास्तर, विल्फ्रिदो. तीस वर्षं समुद्रकिनाऱ्यावर माणसं वाचवायची नोकरी करून निवृत्त झालेला, मोठ्या पोटाचा, गुडघे दुखणारा माणूस. यादिरचं ऐकून तो दर शनिवारी आपल्या आपण यायला लागला होता आणि गाव त्याच्यावर पोट धरून हसत होतं. डॉमिनो खेळणारा तोबियास तर त्याची बोट दिसली की ओरडायचा, "आले बघा, माशांना पोहायला शिकवणारे!"

"मासे कुठे बुडतात तोबियास," प्रोफे म्हणायचा. "मी माणसांसाठी येतो."

त्या शनिवारी तो शाळेच्या ओट्यावर उभा राहून म्हणाला, की पोरांना शिकवायला तो तयार आहे, पण पहिला धडा मोठ्यांचा. मोठे बसले नाहीत तर पोरांना घेणार नाही. पंधरा-वीस जण जमले, निम्मे थट्टा करायलाच आलेले. उबाल्दिना नुरिसबरोबर कडेला बसली.

"मला सांगा," प्रोफे म्हणाला, "बुडणारं पोर कसं ओरडतं?"

"वाचवाऽऽ!" तोबियासने दोन्ही हात हवेत फेकून दाखवलं. लोक हसले. कोणी "आईऽऽ" म्हणून दाखवलं, कोणी गटांगळ्या खायचा आवाज काढला.

"झालं? आता बघा." प्रोफेने खिशातलं पाकीट तोबियासच्या हातात दिलं आणि पँट-शर्ट-बुटांसकट धप्पकन पाण्यात पडला.

तो वर आला. डोकं मागे टाकलेलं, तोंड पाण्याच्या बरोबरीने, वर, खाली, वर, खाली. हात पाण्याखाली दाबत होता, शिडी चढतो आहे असं वाटावं. डोळे ओट्याकडे लागलेले. तोंडातून अवाक्षर नाही. इतका मोठा माणूस पाण्यात उभ्या-उभ्या शिडी चढतोय म्हणून लोकांना हसू फुटलं. तोबियासने तर हात हलवून दाखवला, "ओ प्रोफे, वर कुठे निघालात?"

उबाल्दिनाने तोबियासच्या हलत्या हाताकडे पाहिलं. मग आपल्या हाताकडे पाहिलं.

प्रोफे शिडी धरून वर आला, धापा टाकत. "बुडणारं पोर ओरडत नाही. श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, ओरडायला कुठून आणणार? हातही हलवत नाही. असंच दिसतं. खेळतंय असं वाटतं. तुम्ही वीस आकडे मोजायच्या आत संपतं. तुम्ही आत्ता हसलात ना, तेवढ्या वेळात."

प्रोफेने कपडे पिळत पुढचं सांगितलं: पोरं पाण्याजवळ असतील तेव्हा एका माणसाने फक्त बघायचं. खायचं नाही, बोलायचं नाही, दुसरीकडे मान वळवायची नाही. अर्ध्या तासाने पाळी बदलायची. आणि ज्याची पाळी त्याच्या अंगावर काहीतरी खूण हवी, म्हणजे 'मला वाटलं तू बघतोयस' हे बंद. पोर पडलं तर उडी मारायची नाही, आधी काहीतरी फेकायचं. पोराला पहिल्यांदा हात मारायला शिकवायचंच नाही. बूट-कपड्यांसकट पडून उताणं व्हायचं, तोंड वर ठेवायचं, श्वास घ्यायचा, एवढंच.

नुरिसने विचारलं, "आणि जिला आम्ही पाण्याजवळ जाऊच दिलं नाही?"

"ती दोराची मुलगी? बाई, तुमच्या गावातलं सगळ्यात धोक्यातलं पोर ते. एक दिवस दोर तुटेल, आणि तिला पाण्याबद्दल काहीच माहीत नसेल."

घरी येताना नुरिस डोणी वल्हवत होती. उबाल्दिना समोर बसली होती. घर दिसायला लागल्यावर उबाल्दिना म्हणाली, "माझं तोंड मातेकडे नव्हतं."

नुरिस वल्हवत राहिली.

"तो दिसला मला. तसाच. डोकं मागे, शिडी चढतोय तसा. माझ्याकडे बघत होता. मला वाटलं नव्या कपड्यांत गंमत करून दाखवतोय." तिचा आवाज अगदी सपाट होता, मिठाचा भाव सांगावा तसा. "मी हात हलवला त्याला. मग तोंड मातेकडे केलं."

नुरिसने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. डोणी आपल्याच वेगात पुढे जात राहिली.

"माहिती आहे मला," ती म्हणाली. "तू हात हलवलास तेव्हा कोणाला हलवतेस म्हणून मी वळून बघितलं. मलाही वाटलं, खेळतोय. मी तर हसले."

"मग इतके महिने बोलली नाहीस?"

"काय बोलणार होते? तू तोंड मातेकडे होतं म्हणालीस. मला वाटलं, एकीने तरी बघितलेलं नसू दे."

ओट्यावरून केइलाने आजीला हाक मारली, "आबुएलाऽ! आज मासा पळाला!" दोर ताणून ती कडेपासून एक वीत आत उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उबाल्दिनाने केइलाला समोर बसवलं आणि गाठीला दात लावले. वर्षानुवर्षांची ओली गाठ दगडासारखी झाली होती. बराच वेळ लागला. केइलाला गुदगुल्या होत होत्या. गाठ सुटली तेव्हा नेहमीचे शब्द तिच्या तोंडात आले आणि तिने ते गिळले. "जा," एवढंच म्हणाली. केइला कुठेच गेली नाही. नेहमीच्या जागी, कडेपासून एक वीत आत, जाऊन उभी राहिली. तिला तिथून पुढे जायला आठ दिवस लागले.

शिकायला जवळजवळ सहा महिने लागले. क्लबच्या पोरांनी तेवढ्यात पदकं मिळवली असती. केइला गणवेश आणि गमबूट घालून पाण्यात पडायची, घाबरायची, प्रोफेच्या गळ्याला मिठी मारायची, मग त्याचा तळहात डोक्याखाली घेऊन उताणी व्हायची. "कानात पाणी जातं!" ती किंचाळायची. "जाऊ दे, बाहेर यायचा रस्ता त्याला माहिती आहे," प्रोफे म्हणायचा. एका शनिवारी त्याने हात काढून घेतला ते तिला कळलंच नाही. शाळेत ती डोणीतून जायची, आणि पोरं अजूनही "बँऽऽ" करायची, आणि ती अजूनही उलट करायची.

दोर बापाच्या डोणीच्या नाळेला बांधायचा, तर बापाला डोणीच नव्हती. उबाल्दिनाने तो गुंडाळून खुंटीला ठेवला होता.

जुलैत सण आला. मिरवणुकीत पहिल्या अर्ध्या तासाची पाळी उबाल्दिनाने मागून घेतली. खूण काय घालणार म्हणून विचारलं, तर तिने निळ्या दोराचं एक टोक डाव्या मनगटाला बांधलं आणि बाकीचा मांडीवर ठेवला. मग डोणीत मागे तोंड करून, मातेकडे चक्क पाठ करून, ती पोरांच्या डोण्यांकडे बघत बसली. गावात असं कोणी कधी केलं नव्हतं. बायका कुजबुजल्या. तोबियासला राहवलं नाही.

"उबाल्दिनाबाई, सणाच्या दिवशी मातेकडे पाठ?"

"तिला सगळं दिसतं म्हणतात," उबाल्दिना मान न वळवता म्हणाली. "मला दिसत नाही, म्हणून बघतेय. तू बोलू नकोस माझ्याशी."

बँड वाजत होता, फटाके फुटत होते. तिने बारा डोकी मोजली, पुन्हा मोजली, पुन्हा मोजली. त्याच वळणावर पोरांच्या डोणीत ढकलाढकली झाली आणि धप्पकन आवाज आला. मागून कोणीतरी सवयीने हसलं. अकरा.

पांढरा झगा पाण्यावर फुगला. मग काही नाही. मग दोन गमबुटांची टोकं वर आली आणि त्यांच्यापलीकडे केइलाचा चेहरा, आकाशाकडे केलेला, ओठ घट्ट मिटलेले, नाकाने फुसफुसत श्वास घेणारा. कानात पाणी गेलेलं होतं. ती हात मारत नव्हती. पडून होती.

उबाल्दिनाचा उजवा हात वर उठला होता. तिने तो हलवला नाही. तिने दोर उचलून फेकला. पहिल्या खेपेला तो झग्यावर पडला आणि घसरला. तिने ओढून घेतला आणि पुन्हा फेकला. केइलाने तो छातीवर चाचपडला आणि दोन्ही मुठींत धरला, आणि मग भरल्या बुटांचं, भिजल्या झग्याचं, पावणेसहा वर्षांच्या पोरीचं सगळं ओझं एकदम म्हातारीच्या मनगटावर आलं.

नुरिसने डोणी फिरवली. दोघींनी तिला वर ओढलं. केइला खोकली, थुंकली, आणि म्हणाली, "मी ओरडलेच नाही, बघितलंस?"

"बघितलं," उबाल्दिना म्हणाली.

दोराने मनगट सोलून निघालं होतं. सालटं गेलेल्या जागी खारं पाणी झोंबत होतं, खांद्यापर्यंत कळ जात होती. ती त्या मनगटाकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आवाज न करता, थांबेचना.

"दुखतंय गं," ती नुरिसला म्हणाली. "दुखतंय मला."

नुरिसने गाठ सोडायला हात पुढे केला. उबाल्दिनाने मनगट मागे घेतलं, बाहीने डोळे पुसले आणि पुन्हा मागे तोंड करून बसली. तिची पाळी अजून संपली नव्हती.